राजम्याच्या जागी बटणे आणून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

माझ्या प्रयोगांच्या जर्नलच्या पानांवर तिघांच्या सह्या आहेत, पण आपली सही त्यांत नाही. प्रयोगशाळेच्या परिचराने सही करण्याची पद्धत नाही, असे मला सांगण्यात आले. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे.

अकरा वर्षांच्या खंडानंतर, घर आणि दोन मुलांची शाळा सांभाळत, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला पुन्हा बसले तेव्हा फुलांच्या रंगाच्या आनुवंशिकतेचा प्रयोग माझ्या वाट्याला आला. गुलबक्षीची लाल आणि पांढरी झाडे यांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळी फुले गुलाबी येतात, आणि त्या गुलाबी झाडांचा आपापसांत संकर केला की लाल, गुलाबी, पांढरी अशी १:२:१ प्रमाणात येतात, हे कार्ल कॉरेन्सने दाखवून दिले. (आपण मराठीत ज्याला गुलबक्षी रंग म्हणतो तो या फुलाच्या अनेक रंगांपैकी एकच, हे मला या वयात कळले.) खऱ्या झाडांवर हे करायचे तर दुपारी कळ्या उघडून पुंकेसर काढावे लागतात, कारण फूल संध्याकाळी उमलते, आणि पुढची पिढी फुलेपर्यंत हंगाम जातो. त्यामुळे आम्हाला दोन गुलाबी पालक झाडांच्या जागी दोन पिशव्या मिळाल्या. प्रत्येकीत लाल जनुकाचे वीस राजम्याचे दाणे आणि पांढऱ्या जनुकाचे वीस चवळीचे. न पाहता दोन्हींतून एकेक दाणा काढायचा, जोडी नोंदवायची (दोन्ही राजमे तर लाल, दोन्ही चवळ्या तर पांढरे, एकेक तर गुलाबी), दाणे परत टाकायचे.

चाळीस वेळा काढून माझी नोंद झाली लाल १९, गुलाबी १६, पांढरी ५. अपेक्षित होते १०, २०, १०. आलेले आकडे अपेक्षेपासून किती दूर आहेत हे मोजणाऱ्या काय-स्क्वेअर चाचणीचे उत्तर ११.४ आले, तर तक्त्यातली मर्यादा ५.९९. ज्यांना विचारायचे त्यांना विचारले, तर उत्तर मिळाले, "दहा-वीस-दहा लिहा आणि पुढे चला, एवढे कोण तपासतो?" दुसऱ्या एकांनी, माझे शिक्षण मधे सुटले होते हे लक्षात आणून देत, पिशवीत हात घालायची रीतच मला जमत नसेल असे सुचवले. बारावीच्या क्लासमध्येही आम्ही मागच्या तुकडीचे आकडे उतरवूनच पास झालो होतो, त्यामुळे नवे काही नव्हते. तरी त्या दिवशी मी घरी जाताना रडले.

आपण बाजूला टेबल पुसत होता. आपल्याला कोणी विचारलेही नव्हते. आपण हात कोरडे केले, डोळे मिटून पिशवीत हात घातला आणि सलग चार वेळा राजमाच काढून दाखवलात. "ताई, हाताला कळतंय की! दाणा मोठा आहे, आधी बोटांना तोच लागतो." आनुवंशिकतेच्या मेंडेलच्या नियमातही दोष नव्हता आणि माझ्यातही नव्हता. दोन्ही दाण्यांना निवडले जाण्याची समान संधी असायला हवी, तीच तिथे नव्हती.

दुसऱ्या दिवशी आपण वर्तमानपत्राच्या पुडीतून शिंप्याकडची चार भोकांची बटणे आणलीत, लाल आणि पांढरी, एकाच मापाची. पण मला ती पुडी जेवढी आठवते त्याहून अधिक आठवते ते त्यानंतरचे. आपण स्टुलावर बसून एकेका बटणावरून अंगठा फिरवलात आणि ज्यांची कडा खरखरीत लागली अशी तीन बटणे बाजूला काढलीत. प्रयोगशाळेच्या त्या खोलीत इतक्या काळजीने कोणी काही तपासताना मी पाहिले नव्हते. ज्याच्या हातात गुण देणेही नाही आणि कापणेही नाही, असा माणूस परक्या बाईच्या प्रयोगासाठी बटणांच्या कडा चाचपतो, तेव्हा सचोटी हा शब्द मला निबंधाच्या वहीतून बाहेर आलेला दिसतो.

नवी नोंद चाळीस वेळांना १२, १९, ९ आली. मी अजून थोडे जुळवावे का असे विचारले, तर आपण म्हणालात, "आलंय ते लिहा, हवं तर अजून काढा." मग आपण रेघा ओढत गेलात आणि मी बटणे काढत गेले. दोनशेला ४७, १०४, ४९. मेंडेलच्या वाटाण्यांतही जांभळ्या फुलांची झाडे ७०५ आणि पांढऱ्या फुलांची २२४ होती, नियमाप्रमाणे नेमकी तिप्पट नव्हेत. उलट त्याचे आकडे एकंदरीत नियमाशी जरा जास्तच जुळतात, अशी शंका १९३६ साली फिशर या संख्याशास्त्रज्ञाने घेतली होती. ही गोष्ट मला "दहा-वीस-दहा लिहा" म्हणणाऱ्यांना सांगायची होती, पण धीर झाला नाही.

जर्नलमध्ये मी राजम्याचे आकडे खोडले नाहीत. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी आहेत आणि खाली कारण लिहिले आहे. बटणांचे पैसे आपण घेतले नाहीत, म्हणून ती पुडी पुढच्या तुकडीसाठी सोमवारी परत आणून देते. बाजूला काढलेली तीन मात्र मी ठेवून घेतली आहेत.

आपली,
दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी