डॉ. लालजी सिंह यांच्यासाठी गोदाघाटावर एक संध्याकाळ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डीएनए तपासून माणूस ओळखण्याची पद्धत भारतात उभी करणारे शास्त्रज्ञ डॉ. लालजी सिंह यांची १० डिसेंबरला पुण्यतिथी असते. २०१७ साली त्याच दिवशी वाराणसीत हृदयविकाराने ते गेले. नाशिकशी त्यांचे नाते काय, असे कोणी विचारील. मी पोलीस खात्यात तेहेतीस वर्षे काढली, त्यातली अकरा मुद्देमाल कारकून म्हणून. माझे उत्तर त्या अकरा वर्षांत आहे.

गुन्ह्यातला कपडा, कोयता, माती, केस ताब्यात घ्यायचे, पंचांच्या सहीचे लेबल लावायचे, लाखेचे सील मारायचे आणि तपासणीला पोचवून पोच आणायची, हे माझे काम. सुरुवातीच्या काळात सीए रिपोर्टवर, म्हणजे प्रयोगशाळेच्या रासायनिक विश्लेषकाच्या अहवालावर, एक ओळ यायची, रक्त मानवी, गट 'ब'. मग आरोपीचे वकील कोर्टाला विचारायचे, साहेब, या दालनात 'ब' गटाचे किती लोक बसले असतील? त्यावर सरकारी पक्षाकडे उत्तर नसायचे. आपल्याकडे तो गट घरोघर सापडतो.

ते उत्तर लालजी सिंहांनी या देशाला दिले, आणि दिले ते सापाकडून. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातखाचरात मण्यार दिसली की माणूस दोन पावले मागे सरतो. जौनपूर जिल्ह्यातल्या कलवारी गावचा हा मुलगा मात्र बनारसला सापांच्या गुणसूत्रांवर संशोधन करत राहिला. पुढे एडिनबरोत पट्टेरी मण्यारीच्या मादीच्या डीएनएवर काम करताना पुन्हा पुन्हा येणारा एक क्रम हाती लागला. तसाच क्रम माणसातही आहे, आणि तो किती वेळा येतो हे प्रत्येकात वेगळे असते. लेस्टरमध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली डीएनए ठशाची पद्धत शोधली होती. लालजी सिंह १९८७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी मण्यारीपासून मिळालेला बीकेएम प्रोब, म्हणजे तो क्रम शोधून काढणारा डीएनएचा तुकडा, वापरून आपली स्वतःची पद्धत उभी केली. त्या काळी या तपासणीत एक्स-रे फिल्मवर काळ्या पट्ट्यांची शिडी उमटायची. एकसारखी जुळी भावंडे सोडली तर दोघांची शिडी जुळत नाही. मुलाच्या शिडीतली जी पायरी आईकडे नाही, ती बापाकडे असायलाच हवी.

याच हिशेबावर केरळातल्या थलश्शेरीच्या कोर्टात एका बाईला न्याय मिळाला. मुलाचा बाप ते मूल आपले नाहीच म्हणत होता. डीएनए तपासणीवरून पितृत्व ठरले आणि १९९१ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही ते मान्य केले. कोर्टाच्या बाकावर आयुष्य गेलेल्या मला ही गोष्ट फार मोठी वाटते. त्याआधी अशा बाईकडे शपथेशिवाय काय होते? तिच्या चारित्र्यावर वाटेल ते प्रश्न विचारले जायचे आणि ती पदर डोळ्याला लावून उभी राहायची. मी हे पाहिले आहे.

राजीव गांधी हत्येतल्या मानवी बॉम्बची ओळख, दिल्लीच्या १९९५ च्या तंदूर प्रकरणातल्या जळालेल्या देहाची ओळख, ही कामेही सीसीएमबीतच झाली. हैदराबादचे डीएनए फिंगरप्रिंटिंगचे स्वतंत्र केंद्र आणि वन्यजीवांची प्रयोगशाळा त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. आपल्या दारणाकाठी बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली तेव्हा नेमका कोणता बिबट्या हे ठरवायला नमुने हैदराबादलाच गेले होते. त्यांना पद्मश्री मिळाली. बनारस हिंदू विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले आणि पगार घेतला फक्त एक रुपया.

आता माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट सांगतो. एका खुनाच्या गुन्ह्यात आरोपीचा शर्ट जप्त केला होता. आषाढातला पाऊस, शर्ट ओलाचिंब. मी तो तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली, व्यवस्थित सील केले. पाठवायला तीन आठवडे लागले. प्रयोगशाळेत पिशवी उघडली तेव्हा कापडावर हिरवट बुरशी धरली होती. रिपोर्ट आला, निष्कर्ष काढता येत नाही. ओल्या रक्तातला डीएनए बंद प्लॅस्टिकमध्ये कुजतो, कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचा असतो, हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते आणि मीही विचारले नाही. आरोपी सुटला. मेलेल्या पोराची आई निकालानंतर ठाण्यात आली आणि मला एवढेच म्हणाली, "दादा, शर्ट तर तुमच्याकडंच होता ना?"

हैदराबादेत कितीही मोठा शास्त्रज्ञ बसलेला असो, त्याच्या टेबलावर जाणारे पाकीट ठाण्यातल्या हवालदाराच्या हातून जाते.

म्हणून विनंती अशी की दर मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेत एक संध्याकाळ डॉ. लालजी सिंहांना द्यावी. वक्ता लांबून आणायची गरज नाही. दिंडोरी रोडवर आपली न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, तिथल्या एखाद्या अधिकाऱ्याने बोलावे. त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीतली नवी मुले-मुली पुढच्या रांगेत बसवावीत. मण्यारीपासून साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत ही विद्या कशी पोचली ते त्यांनी ऐकावे, आणि ओला शर्ट कसा बांधायचा हे त्याच मंचावर त्यांना करून दाखवावे. ते दाखवायला कोणी नसेल तर मी येईन. कागदी पाकिटे आणि लाख माझी मी घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त पोलीस हवालदार
म्हसरूळ, नाशिक