‘सावध राहा’ म्हणजे धोरण नव्हे: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,
स. न. वि. वि.

‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ असे आपले खाते वारंवार बजावते. सल्ला चुकीचा नाही. पण अशा सल्ल्यामुळे सगळा दोष क्लिक करणाऱ्याच्या माथी जातो, आणि बरेचसे मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, क्लिकची वाट बघत बसतच नाही.

व्हायरस एखाद्या फाइलला चिकटून येतो. ती कुणीतरी उघडावी लागते. वर्मला माणसाची गरज नसते. नेटवर्कमधली त्रुटी हेरून तो आपणहून एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो. 12 मे 2017 रोजी पसरलेले वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे मालवेअर, असेच वर्मसारखे फिरत होते. ज्या त्रुटीतून ते शिरले तिच्यावरचे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. तरीही ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना हजारो अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. तिथल्या परिचारिकांनी आणखी काय सावधगिरी बाळगायची होती?

पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आले, तेही युक्रेनमधल्या एका करविषयक सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. वेळेवर अपडेट करणारेही त्यात सापडले. ते खंडणी मागत होते खरे, पण पैसे भरूनही फाइली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. मर्स्क या जहाज कंपनीला सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. तिच्या नेटवर्कची किल्ली ज्यांच्याकडे असते ते जगभरातले सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवत, म्हणून सगळे एकदमच गेले. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! नेटवर्कपासून तोडून ठेवलेला बॅकअप असावा हे कंपनीला नशिबाने शिकवले. सरकारी रुग्णालये आणि पाणीपुरवठ्याच्या यंत्रणांसाठी हा नियम लेखी हवा, आणि त्या बॅकअपवरून सगळे पुन्हा उभे करण्याची रंगीत तालीमही.

ट्रोजनच्या बाबतीत मात्र आपला सल्ला लागू पडतो. कामाच्या ॲपचे सोंग घेऊन तो मोबाइलमध्ये येतो, एसएमएस वाचण्याची परवानगी मागतो आणि बँकेचा ओटीपी परस्पर पळवतो. स्पायवेअरला, म्हणजे गुपचूप पाळत ठेवणाऱ्या मालवेअरला, मात्र काही वेळा तेवढेही लागत नाही. पेगासस या स्पायवेअरने एकही क्लिक न होता फोनमध्ये शिरून दाखवले आहे.

आता कायद्याने खरोखर सुटणारा प्रश्न सांगतो. 2016 मध्ये मिराई या मालवेअरने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून. त्या फौजेने वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अनेकांना उघडेनात. घरातला कॅमेरा हल्ल्यात सामील आहे हे मालकाला कळणार तरी कसे? ब्रिटनने 2024 पासून असे सरसकट एकच पासवर्ड देण्यावर कायद्याने बंदी आणली आहे. आपल्याला ती आणायला अडचण कोणती?

शेवटची मागणी कदाचित आपल्याला रुचणार नाही. आयर्लंडच्या आरोग्य सेवेत 18 मार्च 2021 रोजी एका कर्मचाऱ्याने मालवेअर असलेली एक्सेल फाइल उघडली. फाइली कुलूपबंद झाल्या त्या 14 मे रोजी. मधल्या आठ आठवड्यांत धोक्याच्या सूचना मिळाल्या होत्या, त्यांवर पुरेशी हालचाल झाली नाही. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या सेवेने स्वतःच्या चुकांचा स्वतंत्र अहवाल त्याच वर्षी जाहीर केला. फाइल उघडणाऱ्या कर्मचाऱ्यावर सगळे ढकलून ती मोकळी झाली नाही. आपल्या अखत्यारीतल्या कार्यालयांवर हल्ला झाला, की चौकशीचा अहवाल ठरावीक मुदतीत लोकांपुढे ठेवणे बंधनकारक करा. पहिला अहवाल आपल्याच खात्याचा असू द्या.

आपला,
एक सिस्टिम ॲडमिन