पपायरस म्हणजे पान नाही, साल पण नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पर्यटन पुरवणीतले इजिप्तचे लेख मी आवडीने वाचते, पण बहुतेक लेखांत 'पपायरसच्या पानांवर लिहायचे' असं येतंच आणि ते चूक आहे हो. भूर्जपत्र म्हणजे साल, ताडपत्र म्हणजे पान, हे आपल्याला माहीत असतं म्हणून पपायरसचंही तसंच असणार असं धरून चालतात. खरं तर हा आपल्या लव्हाळ्याचा, नागरमोथ्याचा भाऊबंद, नाईलच्या दलदलीत चार-पाच मीटर उंच वाढायचा, दांडा तिकोनी, आणि कामाचा असतो तो त्या दांड्यातला पांढरा गर. वरची हिरवी साल सोलायची, गराच्या लांब पातळ पट्ट्या काढायच्या, एक थर उभा त्यावर एक आडवा, मग दाबून वाळवायचं, वेगळा डिंक लागत नाही, त्याच्याच रसाने चिकटतं. आणि टिकतं किती बघा! 2013 मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी सापडली, खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी तुरा नावाच्या ठिकाणच्या खाणीतून होडीने दगड कसे नेले ते त्यात लिहिलंय, साडेचार हजार वर्षांपूर्वीचं! कोरडी वाळवंटी हवा म्हणून राहिलं, नाईलच्या मुखाकडच्या दमट भागातलं बहुतेक सगळं कुजून गेलं.

हे सांगायचं कारण म्हणजे आपली मंडळी आता भरपूर जातात तिकडे आणि कैरो-लक्झरच्या बाजारात केळीच्या पानांपासून केलेले कागद पपायरस म्हणून घेऊन येतात. उजेडासमोर धरलं की खर्‍यात उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी स्पष्ट दिसते आणि तो वाकवला तरी सहसा तडकत नाही, एवढं बघितलं तरी पुरे. इजिप्तमधून ही वनस्पती जवळजवळ नाहीशी झाली होती, हसन रागाब या इजिप्तच्याच इंजिनियरांनी 1960 च्या दशकात सुदानहून रोपं आणून लावली, कागद करायची रीत पुन्हा बसवली, पुढे शार्किया प्रांतातल्या अल-करामूस गावात तर शेतीच सुरू झाली, घरोघरी कागद बनायला लागले. 2011 च्या तिथल्या उठावानंतर टुरिस्ट आटले तेव्हा त्या लोकांचे फार हाल झाले, आणि नकली माल खपतो तेव्हाही पोट त्यांचंच मारलं जातं.

तेव्हा पुढच्या इजिप्तच्या लेखात 'पानां'च्या जागी 'दांड्याचा गर' छापा आणि खरा पपायरस कसा ओळखायचा त्याची छोटी चौकट द्या, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे