'सदृश' काढा, साहेब

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी माण तालुक्यातला. महसूल खात्यात कारकून म्हणून चिकटलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. टंचाईचे अहवाल कित्येक वर्षं माझ्याच हातून वर गेले. सरकारी कागदात 'दुष्काळ' लिहायचं टाळून 'दुष्काळसदृश' लिहितात, त्या शब्दाबद्दल हे पत्र. मी स्वतः तसलेच अहवाल लिहिलेत, त्यामुळं ते तक्रारीचं कमी आणि कबुलीचं जास्त आहे.

अहवाल वर कसा चढतो ते सांगतो. तलाठ्यानं पंचनाम्यात लिहिलेलं असायचं, 'विहीर कोरडी. तळाचा दगड दिसतो. ज्वारी जळाली.' मंडल अधिकाऱ्याकडं तीच विहीर 'पाण्याअभावी बंद' व्हायची. माझ्या टिपणीत 'भूजल पातळीत लक्षणीय घट.' एकदा वरच्या कचेरीतून फोन आला, अधिवेशन तोंडावर आहे, 'लक्षणीय' कशाला, 'काही अंशी' करा. केलं. (खोटं लिहितोय असं तेव्हा वाटलंही नाही. काही अंश म्हणजे किती, हे कुणी विचारलंच नव्हतं.) मुंबईला पोचेपर्यंत त्या विहिरीला पाणी लागलेलं असायचं.

सौम्य बोलण्याचं मला वावडं नाही. आमच्या घरात बांगडी फुटत नाही, ती वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, तेही वाढवतात. रात्री सापाचं नाव काढायचं नाही, 'लांबडं' म्हणायचं. घराबाहेर पडणारा 'जातो' म्हणाला की आई उंबऱ्यातूनच ओरडायची, 'येतो म्हण!' यातला एकेक शब्द समोरच्याच्या जिवाला जपतो. 'दुष्काळसदृश' कुणाला जपतो? माझ्या शेजाऱ्यानं दावणीच्या म्हशीला चाऱ्यावाचून बाजार दाखवला. दावं हातात घेऊन परत आला आणि ते खुंटीला अडकवून ठेवलं. तुमच्या 'सदृश'नं त्याचं दुःख तसूभर हलकं झालं नाही. हलका झाला तो तिजोरीवरचा बोजा.

ही खोड जुनी आहे. 1963 साली राज्यानं चक्क कायदा करून आपल्या कायद्यांतला 'फॅमिन' हा शब्द काढून टाकला आणि त्या जागी टंचाई बसवली. शब्द हद्दपार झाला, आणि नऊ वर्षांनी 1972 आलं. तेव्हा मी शाळकरी पोर. आई खडी फोडायला जायची, मी सुकडी खायचो, घरात मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी. आजही इथं कुणालाही विचारा, तो 'बहात्तरचा दुष्काळ'च म्हणेल. 'बहात्तरची टंचाई' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

त्या दिवसांत माणसं तगली ती कामावर. रोजगार हमीची कल्पना ज्यांची, ते वि. स. पागे आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. त्यांच्या योजनेच्या नावात 'हमी' आहे, साहेब. 'हमीसदृश' नाही.

2016 च्या मे महिन्यात हायकोर्टात प्रकरण गेल्यावर सरकारलाच सांगावं लागलं, 'दुष्काळसदृश' लिहिलंय तिथं 'दुष्काळ' वाचावं. 29 हजारांवर गावं एका शुद्धिपत्रकानं दुष्काळी झाली. पाऊस त्या दिवशी कमी झाला नव्हता. तो आधीच कमी झालेला होता.

वाटलं, 'सदृश' गेला. 2023 च्या ऑक्टोबरअखेर 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. यादीत सातारा जिल्ह्यातून वाई आणि खंडाळा. सांगलीतून शिराळा, कडेगाव, खानापूर, मिरज. वाईकरांचं, शिराळकरांचं दुखणं खोटं म्हणत नाही. पण माण, खटाव, जत, आटपाडी, ज्यांची नावं दुष्काळाशिवाय उच्चारली जात नाहीत, ते त्यात नव्हते. मग पुढच्या महिन्यात एक हजारांवर महसूल मंडळं, म्हणजे तालुक्यातले गावांचे गट, 'दुष्काळसदृश' म्हणून आली. सारामाफी, वीजबिलात सूट, परीक्षा फी माफ, वसुली थांबवणं, हे मिळालं. ते नाकारत नाही. पण केंद्राकडं हात पसरले गेले ते त्या 40 तालुक्यांसाठी. खतं-बियाण्यात मातीमोल झालेला पैसा सदृशवाल्यानं कुणाकडं मागायचा?

निकष असतात, उपग्रहाचे निर्देशांक असतात, मला ठाऊक आहे. मी ते तक्ते भरलेत. निकषात बसत नसेल तर स्पष्ट लिहा, 'तुमच्याकडं दुष्काळ नाही, मदत मिळणार नाही.' आम्ही भांडू, मोर्चा काढू, कोर्टात जाऊ. 'नाही'शी भांडता येतं. 'सदृश'शी भांडायला गेलं की साहेब म्हणतात, 'अहो, तुमचं मान्यच केलंय की!'

तेव्हा मागणी एवढीच. पुढच्या शासन निर्णयात एक तर 'दुष्काळ' लिहा, नाहीतर 'दुष्काळ नाही' लिहा. आणि तलाठ्याचा पंचनामा जसाच्या तसा, त्याच्याच शब्दांत, वरच्या प्रत्येक अहवालाला जोडायचा हुकूम काढा. माझ्या जागी आज जो कारकून बसलाय, त्याला फोन आला तरी 'काही अंशी' लिहिताना पाठीमागं ती कोरडी विहीर चिकटलेली राहील.

खाली टँकर आलाय. हंडे लावायला गेलं पाहिजे. येतो.

आपला,
माण तालुक्यातला एक निवृत्त अव्वल कारकून