फिट आली की चप्पल कशाला?

महोदय,
खानापूर बसस्थानकावर परवा एका कॉलेजच्या मुलाला फिट आली. क्षणात गराडा पडला. कुणी चप्पल हुंगवली, कुणी मुठीत किल्ल्या कोंबल्या, एकाने तर चहाच्या गाड्यावरचा चमचा आणून दातांत घालायला घेतला! याने झटका थांबत नाही, दात मात्र तुटतात. अशा वेळी माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे आणि घड्याळ बघावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर थेट दवाखाना गाठावा.

अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येणे, हा मेंदूचा आजार. तो ना एकाचा दुसऱ्याला लागतो, ना ती बाहेरची बाधा. नियमित औषधांनी सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात.

खरा जाच लग्नाच्या वेळी. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची आडकाठी १९९९ सालीच गेली. तरी निपाणी-चिकोडीकडे पाहुणे बघायला यायचे म्हटले की मुलीच्या गोळ्या आजही माळ्यावर जातात. त्या गडबडीत गोळी चुकते आणि नेमका मांडवात झटका येतो.

बसस्थानकांवर प्रथमोपचाराचे फलक लावावेत, मराठी आणि कन्नड दोन्हींत. निदान कंडक्टरांना तरी आधी शिकवा.

– एक वाचक, खानापूर