उरलेल्या अकरा पिल्लांसाठी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

शनिवारी जनावरांच्या दवाखान्यातून यायला उशीर झाला आणि रविवारी पहाटेची एसटी धरावी लागली, त्यामुळे डॉक्टर मॅडमनी काय दाखवलं ते धड बसून सांगता आलं नाही. पाऊस लागला की आपल्याकडे फोनवर अर्धंच ऐकू येतं, आणि बाबांना कागदावरचं पटतं, म्हणून पत्र. बाबा, आईलाही वाचून दाखवा.

आई, आधी तुझं. पाच दिवसांत 24 मधली 13 पिल्लं गेली, ती कुणाच्या नजरेनं नाही आणि तुझ्या हातूनही नाही. "संध्याकाळी दाणे टिपत होती, सकाळी आडवी," असं तू सारखं म्हणत होतीस. शुक्रवारी रात्री मी बॅटरी घेऊन पडवीत बसले, तेव्हा बाकीची पिल्लं दाण्यावर होती आणि दोन मात्र कोपऱ्यात पंख सोडून, पिसं फुलवून, मान आत ओढून उभी होती. त्यातलंच एक सकाळी गेलं. म्हणजे मरण अचानक नव्हतं, आदला दिवस आजाराचा होता. पावसाची काळोखी आणि पडवीला लावलेली ताडपत्री, त्यात ते तुला दिसणार कसं?

ते मेलेलं पिल्लू मी पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं, ते तुला आवडलं नाही. पण आधीच्या बारांपैकी काही बाबांनी पऱ्यात, वाहत्या ओढ्यात, टाकली होती, काही पुरली होती. विचारायला ते एकच उरलं होतं. बर्फाच्या कप्प्यात गोठवलं असतं तर आतलं बिघडलं असतं, उघड्यावर ठेवलं असतं तर दुपारपर्यंत कुजलं असतं.

मॅडमनी ते माझ्यासमोर उघडलं. पोटाच्या पहिल्या कप्प्यात रक्ताचे ठिपके नव्हते, म्हणून राणीखेत, आपली मानमोडी, असावी असं त्यांना वाटलं नाही. शिवाय मानमोडी असती तर मोठ्या कोंबड्याही पडल्या असत्या. शेपटीजवळ आत एक छोटी पिशवी असते, ती गंबोरो नावाच्या रोगात सुजते. ती नीट होती. फुप्फुसांत बुरशीच्या पिवळट गाठी नव्हत्या. मग त्यांनी आतड्याच्या शेवटाकडच्या दोन बंद पिशव्या दाखवल्या. त्या पिकल्या जांभळासारख्या काळ्या-लाल, फुगलेल्या, आणि कापल्यावर आत सगळं साकळलेलं रक्त. आतलं थोडं खरवडून काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकातून मलाही बघू दिलं. बारीक लंबगोल अंडी दिसली. हा कॉक्सिडिओसिस, रक्ती हगवण. तू फोनवर विटकरी शी म्हणाली होतीस, ती हीच. तेव्हाच मी नीट विचारायला हवं होतं.

बाबा, आता तुमच्यासाठी. शेजारच्या काकांनी भातावर मारलेलं औषध पिल्लांच्या पोटात गेलं, असं तुम्ही धरून चाललात आणि आठ दिवस त्यांच्याशी बोलला नाहीत. रवणावर, म्हणजे अंडी उबवायला, बसवलेल्या आपल्या तांबड्या कोंबडीची 9 पिल्लं त्याच वयाची आहेत, काकांच्या बांधावर दिवसभर तीच चरतात, आणि नऊच्या नऊ धडधाकट आहेत. मेली ती मोटारसायकलवरच्या माणसाकडून घेतलेली, जी पडवीबाहेर कधी गेलीच नाहीत. विष बांधावर असतं तर उलटं झालं असतं. काकांशी बोला, माझ्यासाठी बोला.

फरक पडवीतच होता. हा जंतू शीतून बाहेर पडतो. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत पुन्हा लागण करण्याजोगा होतो. पिल्लू खाली अंथरलेला ओला तूस टिपतं, तो पोटात जातो, आणि आठवड्याभरात आतडं फाडतो. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना तो सगळ्यात जास्त भोवतो. कोंबडीमागे फिरणाऱ्या पिल्लांच्या पोटात तो थोडाथोडा जातो आणि त्यांना सवय होते. पडवीत 24 पिल्लं एवढ्याशा जागेत होती आणि पाणी परातीत. त्यात ती उभी राहायची, हगायची, तेच प्यायची, आणि सांडलेलं तुसात मुरायचं.

तुम्ही खोकल्याच्या उरलेल्या कॅप्सूल फोडून पाण्यात घातल्या होत्या. त्यांचा या जंतूवर काही उपयोग नाही. मॅडमनी दिलेलं अँप्रोलियम हे औषध त्यांनी चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच, तेवढेच दिवस द्या. रोज सकाळी पाणी नवं करा आणि दुसरं पाणी ठेवू नका. तोवर बी कॉम्प्लेक्सची बाटली बंद. हे औषध बी वन जीवनसत्त्वाची नक्कल करून जंतूची उपासमार करतं. वरून खरं जीवनसत्त्व दिलं की जंतूला खाऊ मिळतो. औषध संपल्यावर आई, तू खुशाल दे.

जुना तूस सगळा काढा आणि लांब पुरा. नुसत्या फिनेलनं हा जंतू मरत नाही, कोरडेपणानं मरतो. नवा तूस रोज हलवायचा. मुठीत दाबून बघा, लाडू झाला तर ओला, भुगा सुटला तर ठीक. परात नको, पाण्याचं भांडं विटेवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवा. ताडपत्री पाऊस थांबला की वर करा. पिल्लू मेलंच तर पऱ्यात नाही, खोल खड्डा आणि वर चुना. खाली सगळी वाडी तेच पाणी वापरते.

आई, चिन्मयनं पिल्लू उचललं म्हणून तू घाबरली होतीस. कोंबडीचा हा जंतू माणसाला लागत नाही. हात साबणानं धुवायचे, ते एरवीही.

ही पिल्लं लस न टोचलेली आहेत, याची मला जास्त काळजी वाटते. लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लशीचा, डोळ्यातला थेंब पहिल्या आठवड्यात पडायला हवा होता. आता ही बरी झाली की मॅडमना विचारून तो घालून घ्या, आजारी असताना नाही. पुढे आठव्या आठवड्याला टोचायची लस वेगळी असते. लासोटाची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची येते आणि कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून काकांच्या आणि वरच्या घरातल्या कोंबड्याही त्याच दिवशी घ्या. बाबा, हेच निमित्त करून काकांकडे जा.

आणि कधी लहान-मोठ्या सगळ्याच कोंबड्या धडाधड पडल्या, तुरे निळे झाले, तर मात्र हात लावू नका, पिशवीत भरू नका, जनावरांच्या दवाखान्याच्या 1962 नंबरवर फोन करा. नंदुरबारच्या नवापुरात 2006 साली बर्ड फ्लू निघाला, तेव्हा मी कॉलेजात होते. ते दिवस तुम्हालाही आठवत असतील.

आई, रोज संध्याकाळी "अकरा आहेत" एवढंच सांगू नकोस. पंख सोडून कोण उभं आहे का आणि शीचा रंग काय, तेही सांग. मी नऊनंतर फोन करते, तेव्हा ड्युटी संपलेली असते.

तुमची,
बाय