बाबा, ठेव मोडू नका

नागपूर,
रविवार, दि. १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले की बँकेतली ठेव मुदतीआधी मोडून मला धावायच्या कृत्रिम पायाचे नवे, महागडे पाते घेऊन द्यायचे त्यांच्या मनात आहे, कारण तसल्या पात्यावर शंभर मीटरला सेकंदभर तरी वाचतो असे गावातल्या कोणीतरी त्यांना सांगितले. त्या वेळी मी कार्यालयात होते, समोर माणसे उभी होती, म्हणून "नको" एवढेच बोलून फोन ठेवला. ते तुम्हाला तुटक वाटले असेल. आज मानकापूरच्या क्रीडा संकुलातून सकाळी घरी आले आणि ठरवले की का नको ते नीट लिहून कळवायचे.

बाबा, वाडीच्या गॅरेजात तुम्ही तीस वर्षे ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पानांच्या स्प्रिंगा, काढले, ठोकले आणि बसवले, तेव्हा ही गोष्ट तुम्हाला मी शिकवावी असे काही नाही. तुमच्या पाट्यावरून ती फक्त माझ्या पात्यावर आणायची आहे. शाळा सुटल्यावर मी तुमचा डबा घेऊन येत असे, तेव्हा एकदा तुम्ही एका ड्रायव्हरला सांगत होतात की पाटा ओझे झेलतो, गाडी ओढत नाही, ओढायचे काम इंजिनाचे. माझ्या डाव्या गुडघ्याखाली बसते ते काळे, वाकलेले पातेही तसेच आहे. पाऊल टेकले की ते माझ्या भाराने दबते, दबताना जी शक्ती साठते ती उठताना परत देते, आणि घेतलेल्यापेक्षा जास्त ते कधीच देत नाही. तुमच्या पाट्यात पानांवर पाने असतात, ती एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यात बरीच शक्ती उष्णता होऊन जाते. म्हणूनच खड्ड्यातून गेलेला ट्रक पुढे फार वेळ झुलत राहत नाही. माझ्या पात्यात कार्बनच्या धाग्यांचे पातळ थर रेझिनमध्ये, म्हणजे चिकट राळेत, भिजवून, दाबून आणि तापवून एकजीव केलेले असतात, आत घासण्यासारखे काही नसते, त्यामुळे साठलेल्या शक्तीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ते परत करते. गावातल्या त्या गृहस्थांनी बहुधा हाच आकडा कुठेतरी वाचला असावा.

पण धडधाकट पायाचा हिशोब निराळा असतो. टाचेमागची कंडरा स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि आखडते हे खरे, मात्र तिला वर पोटरीचे स्नायू जोडलेले असतात, आणि ते स्नायू म्हणजे इंजिन. म्हणून वेगाने धावणाऱ्या माणसाचा घोटा जितकी शक्ती झेलतो त्याहून अधिक बाहेर टाकतो. माझ्या डाव्या बाजूचे ते इंजिन अपघातात गेले. कार्बनने मला पाटा परत मिळवून दिला, इंजिन नाही.

शर्यत सुटते तेव्हा हे सर्वांत जास्त जाणवते. अंग पुढे झुकलेले असते, वेग नसतो, पात्यावर वरून पडणारा भार थोडा असतो, म्हणून ते पुरते दबतच नाही. आणि जे दबले नाही ते काय परत देणार? पहिले वीस-तीस मीटर मी उजव्या पायावर आणि खुब्यांच्या जोरावर काढते. पुढे वेग आला की पाते जागे होते, आणि मागे पडलेले अंतर मी तेव्हा भरून काढते. आई, तू दिवाळीत तेल लावताना म्हणालीस की माझा डावा खुबा दगडासारखा लागतो. त्याचे कारण हेच आहे. घोट्याने करायचे काम आता खुब्याचे आणि मांडीच्या मागचे स्नायू करतात, आणि ते दुखतात ते इजेने नव्हे, कष्टाने दुखतात. काळजी करू नकोस.

वेग कशाने वाढतो, याबद्दलही सांगते. पाय भराभर हलवले की माणूस जोरात पळतो असे मलाही वाटायचे. धावण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये मोजून दाखवले की वेगवान धावपटू पाय हवेत काही फार लवकर फिरवत नाहीत; ते जमिनीला जास्त जोराने रेटतात. भरवेगात पाऊल जमिनीवर सेकंदाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढे टेकते, आणि तेवढ्यात आपल्या वजनाच्या सरासरी दुपटीच्या आसपास जोर जमिनीवर द्यावा लागतो. आता एकाच पायाला पाते असलेल्या माझ्यासारख्यांचे पाहा. २०१० मध्ये शास्त्रज्ञ अलेना ग्रॅबाउस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा धावपटूंची तपासणी केली, तेव्हा पात्याच्या पायाने दिलेला जोर चांगल्या पायापेक्षा ९ टक्क्यांनी कमी भरला. त्यांनी पात्याला वजन जोडून पाहिले, त्याची उंची बदलून पाहिली. त्याने धावपटूंचा कमाल वेग वाढला नाही. तो ९ टक्क्यांचा तुटवडा वाचल्यापासून मी सरावाकडे त्याच दृष्टीने पाहते आहे.

गेल्या महिन्यात आमच्या प्रशिक्षकांनी मोबाइलवर माझे संथ गतीचे चित्रण केले. उजवा पाय टेकतो तेव्हा छाती वर उचलली जाते. डावे पाते टेकते तेव्हा त्याचे वाकण मिटत येते, एक क्षण सगळे थांबल्यासारखे दिसते, मग ते उघडते, पण छाती उजव्या पायाच्या वेळेइतकी वर येत नाही. हा फरक डोळ्यांना जेमतेम दिसतो. कानाला मात्र स्पष्ट कळतो: उजव्याचा आवाज 'थप' असा येतो, डाव्याचा 'टक'.

आई, स्पर्धेच्या फोटोत माझा डावा खांदा वर दिसतो, मणका वाकडा होतो आहे का, असे तू विचारले होतेस. पाते मुद्दामच काही सेंटिमीटर उंच लावलेले असते, कारण धावताना ते दबून तेवढे खाली येते. उभे असताना बरोबर मापाचे असते तर धावताना तो पाय आखूड पडला असता. त्याला टाच नसते, त्यामुळे स्वस्थ उभेही राहता येत नाही, सारखे भार बदलत राहावे लागते. फोटो नेमका उभे असतानाचा होता. घरी वावरायचा पाय वेगळा आहे आणि तो मापात आहे, हे तू पाहिलेच आहेस.

दोनशे मीटरमध्ये आणखी एक अडचण येते. धावपट्टीवर नेहमी डाव्या हाताला वळायचे असते, म्हणजे वळणावर माझा पात्याचा पाय आतल्या बाजूला येतो, आणि वळणावर आतल्याच पायाला जोर देणे अवघड जाते. ज्यांचे पाते उजव्या पायाला आहे त्यांना हे वळण माझ्यापेक्षा सोपे जाते, असे मोजमापातूनही दिसले आहे. म्हणून मी यंदा शंभर मीटरवरच लक्ष द्यायचे ठरवले आहे.

पाते माणसाला पळवते की माणूस पात्याला, हा वाद जुना आहे आणि न्यायाधिकरणापर्यंत गेलेला आहे. दोन्ही पायांना पाती लावणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या धावपटू ऑस्कर पिस्टोरियसवर २००८ च्या जानेवारीत जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने बंदी घातली. त्याच वर्षी मे महिन्यात क्रीडा लवादाने ती उठवली, आणि २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये तो चारशे मीटरच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्याची तपासणी ज्या शास्त्रज्ञांनी एकत्र केली त्यांच्यातच पुढे दोन तट पडले: हलकी पाती हवेत लवकर फिरतात म्हणून त्याचा फायदा होतो असे काहींचे मत होते, तर जमिनीला कमी जोर मिळतो तो तोटा मोठा आहे असे इतरांचे. माझ्या बाबतीत तो फायदाही उरत नाही, कारण माझा उजवा पाय हाडामांसाचा, जड आहे, आणि ताल त्याचाच चालतो. डाव्याला एकट्याने पुढे घाई करता येत नाही.

तर मग कमी काय पडते आहे? बाबा, पाते नव्हे, सॉकेट कमी पडते आहे. पाते ज्या कवचाला जोडलेले असते आणि ज्यात माझा उरलेला पाय बसतो, ते हे सॉकेट. आधी सिलिकॉनचा लायनर, म्हणजे मोज्यासारखे मऊ आवरण, उलटा करून स्टंपच्या, म्हणजे त्या उरलेल्या पायाच्या, टोकावर टेकवायचा आणि हवेचा एकही बुडबुडा न राहू देता वर गुंडाळत न्यायचा, मग पाय सॉकेटमध्ये उतरवायचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की अर्ध्या तासात लायनरमध्ये घाम साचतो. कठड्यावर बसून लायनर काढायचा, घाम ओतायचा, पुसायचे आणि लायनर पुन्हा चढवायचा. स्टंप वर्षागणिक बारीक होत जातो, आणि सॉकेट किंचितही सैल झाले तर माझा जोर जमिनीपर्यंत जाण्याआधी त्या पोकळीतच मुरतो. पाट्याची पाने एकत्र धरणारा सेंटर बोल्ट ढिला असेल तर नवे पाटे घालून काय उपयोग, असे तुम्हीच म्हणाल.

माझे पहिले सॉकेट आठवते ना? सूज उतरण्याआधीच माप घेतले गेले, तीन महिन्यांत ते सैल झाले, आणि मला मोजे वाढवायला सांगितले. मी पाच-पाच मोजे घालून धावले, नडगीच्या टोकाची कातडी फाटली आणि दोन महिने घरी बसावे लागले. त्या दोन महिन्यांत आई रोज जखम धुऊन पट्टी बांधत होती. ते पुन्हा घडू नये म्हणून नवे सॉकेट करून घेते आहे आणि त्याचे पैसे माझ्या पगारातून बाजूला काढलेले आहेत.

महागडे पाते म्हणजे अधिक वेग, हेही खरे नाही. पाती वजनाप्रमाणे कमी-अधिक ताठ असतात. माझ्या ५२ किलोंना ज्या ताठपणाचे हवे त्याच ताठपणाचे माझ्याजवळ आहे. त्याहून ताठ घेतले तर ते दबणारच नाही. मोठ्या ट्रकचे पाटे टेम्पोला बसवले तर टेम्पो उड्या मारत जातो, हे तुमचेच वाक्य आहे. आणि ती ठेव आईच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आहे. ती त्यासाठीच राहू द्यावी, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. तारीख ठरवा, मी रजा काढते.

एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवत नाही. पात्याच्या वाकणाच्या आतल्या कडेला गेल्या आठवड्यात केसाएवढी रेघ दिसली आहे. ती वरच्या लेपावरचा ओरखडा आहे की थर सुटू लागला आहे, ते मला नुसते पाहून कळत नाही, म्हणून चार दिवस पाते घातलेले नाही. आज सकाळीही फक्त खुब्याचे व्यायाम केले. थर सुटला असेल तर याच मापाचे दुसरे घ्यावे लागेल, आणि ते मी हप्त्याने घेईन. तुम्ही पाटा साखळीला टांगून हातोडीने हलके ठोकत असा आणि आवाज बद्द आला की तडा आहे म्हणत असा. कार्बनचा सुटलेला थरही ठोकल्यावर तसाच बद्द वाजतो. येत्या शनिवारी दुपारच्या एसटीने काटोलला उतरते आणि पाते बरोबर आणते. अंगणात उजेड असेपर्यंत पोहोचेन. एखादे जाड नाणे काढून ठेवा आणि रेघेच्या दोन्ही बाजूंनी ठोकून ऐका.

तुमची,
मनू

ता. क. आई, लायनरखाली घालायचे सुती मोजे तू शिवलेस त्यांची शिवण आत न घेता बाहेर घेतलीस ते फार बरे झाले. कातडीवर वळ उठत नाहीत. अजून दोन हवेत.